‘आराम करा’ म्हणून भागत नाही: एका गरोदर धाकलीच्या पहिल्या तीन महिन्यांची केस

तव्यावरची ज्वारीची भाकर जळून कोळसा झाली, धूर पार माजघरापर्यंत गेला, आणि धाकली चुलीशेजारी भिंतीला टेकून गाढ झोपलेली, हाताला पीठ तसंच. सासूने खांदा धरून हलवलं तेव्हा कुठं जागी झाली, आणि आपण कुठं आहोत हेच तिला कळेना. ही गोष्ट गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या आशाताईने, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीने, मला सांगितली. म्हणाली, "मॅडम, पोरगी आळशी नाही हो, लग्न होऊन आली तवापासून बघायलेय मी तिला. काहीतरी हाय."

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. गावाचं नाव लिहीत नाही, पोरीचंही नाही, घरात सगळे तिला धाकली म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते. तिला आणि तिच्या सासूला विचारूनच लिहितेय. केस तशी साधी आहे, कुठली मोठी गुंतागुंत झालेली नाही, पण पहिल्या भेटीत मी जे केलं ते आपल्यातले बहुतेक जण रोज करतात आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही, म्हणून सविस्तर लिहायचं ठरवलं.

पहिली भेट

वय २३, लग्नाला दीड वर्ष, पहिलीच खेप. शेवटच्या पाळीपासून धरलं तर सात आठवडे. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ४३ किलो, बीपी १०४/६६, लघवीत साखर नाही, प्रथिनं नाहीत. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, १०.२. मळमळ दिवसभर, उलटी एक-दोनदा, पण प्यायलेलं पाणी पोटात टिकत होतं. तक्रार एकच, आणि ती तिच्याच शब्दांत देते, "अंगात जीवच नाही मॅडम. बसलं की डोळा लागायलाय. सकाळी उठताना असं वाटतं जसं काही रातभर मोळ्या वाहिल्या." मग खाली बघत म्हणाली, "मी कामचुकार नाही."

मी काय केलं? फोलिक अॅसिड दिलं, माता बाल संरक्षण कार्ड भरलं, पहिल्या खेपेला मिळणाऱ्या मातृवंदना योजनेच्या ५००० रुपयांसाठी आधार आणि बँक पासबुक आणायला सांगितलं आणि म्हणाले की पहिल्या तीन महिन्यांत असं होतंच, घाबरू नको, जड उचलू नको, आराम कर. दहा मिनिटांत ती बाहेर. सांगितलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

आठव्या दिवशी पहाटे ती नळाच्या खड्ड्यापाशी चक्कर येऊन खाली बसली, हंडा उपडा झाला. रक्त नाही गेलं, पोटात दुखलं नाही, पण घरातले घाबरले. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांनी तपासून अंबाजोगाईला सोनोग्राफीला पाठवलं, बाळाचे ठोके व्यवस्थित निघाले. तिचा नवरा सोबत गेला होता, पडद्यावर ते लुकलुकताना त्याने बघितलं आणि येताना गाडीवर एक शब्द बोलला नाही म्हणे.

तिचा दिवस

दुसऱ्या दिवशी मी आणि आशाताई तिच्या घरी गेलो. जे पहिल्या भेटीत करायला हवं होतं ते केलं, तिला म्हटलं बाई, तुझा रोजचा दिवस मला उठल्यापासून झोपेपर्यंत सांग, काही सोडू नको.

तर ऐका. त्यांच्याकडे नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं आणि ते पहाटे चारच्या आसपास येतं. प्रेशर इतकं कमी की नळ खड्ड्यात घेतलेला, म्हणजे खड्ड्यात वाकून हंडा भरायचा, वर उचलायचा, टिपाडात नेऊन ओतायचा, असे पंधरा-सोळा हंडे. पाणी नसेल त्या दिवशी पाचला उठायचं. झाडलोट, म्हशीखालचं शेण काढणं, नऊ माणसांच्या भाकरी, शेतात जाणाऱ्यांचे डबे, मग धुणं. सकाळी पोटात काय तर चहा आणि दोन खाऱ्या, त्यातलीही अर्धी खारी उलटून पडायची. जेवण थेट दुपारी अडीचला. त्यात वाळवणाचे दिवस, कुरडयांसाठी गव्हाचा चीक हाटायचा, पापड लाटायचे, शेवया, आणि हे सगळं बेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली. संध्याकाळी परत चूल, माणसं जेवली की बायका, बायकांत शेवटी धाकली, भांडी घासून पाठ टेकायला अकरा. रात्री तीनदा-चारदा लघवीला उठायचं, संडास परसात, अंधारात जायची भीती वाटते म्हणून तिने संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद केलेलं आणि मग सवय लागून दिवसाही कमी प्यायची.

मी कागदावर बेरीज केली. सगळी मिळून झोप कशीबशी साडेचार तास. रात्री जेवल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत जवळजवळ सोळा तासांत दीड खारी. दिवसाला चार कप चहा, त्यातले दोन जेवणाला लागूनच. आणि मी तिला म्हणाले होते आराम कर!

पहिल्या तीन महिन्यांचा थकवा खराच असतो, मनाचा खेळ नाही. प्रोजेस्टेरॉन झपाट्याने वाढतं आणि त्याने गुंगी येते, शरीर वार (प्लासेंटा) तयार करत असतं, रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं, हृदयाला जास्त काम पडतं, बीपी जरा खाली येतं, आणि उपाशी राहिलं की साखर लवकर उतरते. सातव्या-आठव्या आठवड्यात बाळ हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं, पोट दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं अजून तर काहीच नाही, आत्ताच कसली थकतेय. साधारण बारा-चौदा आठवड्यांनी बऱ्याच जणींना हे हलकं होतं. पण धाकलीचा थकवा नुसता तेवढाच नव्हता, त्यावर अपुरी झोप, उपाशी पोट, कमी पाणी आणि कमी एचबी असे चार थर चढले होते. पहिल्या तिमाहीत एचबी ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. ‘होतंच असं’ म्हणून सोडलं तर हे थर कधी दिसतच नाहीत.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, काही कमीजास्त झालं तर लोकं बोलतात. त्यामागची भीती मला कळते, मी त्याला नावं ठेवत नाही. पण जेव्हा बाईला सगळ्यात जास्त गळून गेल्यासारखं होतं नेमकं तेव्हाच ती कुणाला कारण सांगू शकत नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवी नवरी झोपाळू निघाली. धाकली ऐकून घ्यायची आणि दुप्पट काम करायची.

सासूशी बोलणं

मावशी, म्हणजे तिची सासू, बोलायला कडक पण मनाने वाईट नाही. मी विषय काढला तशी म्हणाली, "आमी दोन जीवाच्या असताना कोयत्यावर होतो. सातव्या महिन्यापतूर मोळ्या वाहिल्या. आमाला कुणी म्हणलं का झोप म्हणून? कामून ह्या पोरीलाच एवढी झोप यायलीय?" कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला.

मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला तेव्हा झोप येतच नव्हती का?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "यायची की. पाचटावर पडलं की डोळा लागायचा. मुकादम शिव्या द्यायचा, उचल फिटायची राहिलीय म्हणायचा." उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. आणि मग पुढं बराच वेळ तीच बोलत होती, कारखान्याच्या खोपटातली थंडी, पहाटे तीनला गाडी भरायला उठणं, एकदा मोळी डोक्यावर असताना चक्कर येऊन पडलेली ते. हे सगळं तिने कधी सुनांना सांगितलं नव्हतं. मी मधे बोलले नाही. आशाताईनेच हळूच म्हटलं, "आत्या, तुमाला तवा कुणी अर्धा तास पडू दिलं असतं तर?"

थोरली जाऊ बाजूला बसून गहू निवडत होती. ती आणि थोरला मार्चमधेच ऊसतोडीवरून परत आलेले. ती मान वर न करता म्हणाली, "पाणी मी भरते आत्या, तिला नका उठवू."

काय ठरलं

मोठा काही प्लॅन नव्हता. पहाटेचं पाणी धाकलीकडून काढलं. सकाळी उठायच्या आधी, डोकं उशीवरून उचलायच्या आधी, मूठभर फुटाणे किंवा वाळलेली भाकर चावायची, डबा उशाशी. त्याने मळमळ पूर्ण गेली नाही पण उलटी कमी झाली. दर दोन-अडीच तासांनी काहीतरी पोटात, धपाटं, लाह्या, केळं, दही-भात, जे जाईल ते. या दिवसांत दोघांचं खायची गरज नसते, पहिल्या तिमाहीत जास्तीचं जेवण लागत नाही, फक्त पोट रिकामं ठेवायचं नाही. फोडणीचा वास सहन होत नव्हता म्हणून भाजी थोरली टाकणार आणि भाकरी धाकली करणार, तेही सकाळी लवकर आणि दार उघडं ठेवून.

चहा बंद कर म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं फिसकटलं असतं. म्हणून फक्त जेवणापासून तासभर लांब नेला, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि जेवताना लिंबू पिळायचं, त्याने लागतं. घर माळकरी, अंडी-मटण नाही, म्हणून मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याची चटणी, आणि बी-१२ साठी दूध-दही रोज. म्हैस दारात असून दूध सगळं डेअरीला जायचं, त्यातला एक पेला मागे राहायला लागला. गुळाने रक्त वाढतं असं मावशीचं म्हणणं होतं, मी सांगितलं गूळ खाऊ द्या पण त्याच्या भरवशावर राहू नका, एवढ्याने एचबी वाढत नाही.

पाणी दिवसभरात दोन-अडीच लिटर, त्यातलं जास्तीत जास्त संध्याकाळी सहाच्या आत, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या कमी. परसातल्या वाटेवर नवऱ्याने बल्ब लावला, पन्नास-साठ रुपयांचं काम, पण तिची पाणी प्यायची भीती त्या बल्बने घालवली हे मी खात्रीने सांगते.

आणि दुपारची झोप. इथं गंमत मावशीनेच केली. गल्लीतल्या बायका पापड लाटायला अंगणात जमायच्या, त्यांच्यासमोरून सून आत झोपायला गेली तर गुपित फुटणार किंवा बोल लागणार. मग दीडच्या सुमाराला मावशी मोठ्याने हाक मारायची, "ए धाकले, डोकं दुखायलंय माझं, तेल लावून दे," आणि आत नेऊन दार लोटून घ्यायची. धाकली चाळीस मिनिटं झोपायची आणि मावशी शेजारी बसून माळ ओढायची. मी एकदा अचानक गेले तेव्हा बघितलं, कुलर पोरीच्या अंगावर वळवलेला आणि म्हातारी पदराने स्वतःला वारा घेत होती.

तपासण्या आणि मी कशावर नजर ठेवली

थकवा म्हटलं की प्रत्येक वेळी गर्भारपणावर ढकलायचं नाही म्हणून थायरॉइड तपासलं, टीएसएच २.३ आलं, ठीक. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर १०४, ती १४० च्या आत हवी, तीही ठीक. तिला आणि नवऱ्याला दोघांना बसवून सांगितलं की कशाला थांबायचं नाही, रक्त जाणं, पोटात एका बाजूला जोरात दुखणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, पाण्याचा घोटसुद्धा न टिकणं, सात-आठ तास लघवीच न होणं, ताप, नुसतं बसल्याजागी धाप लागणं किंवा छाती धडधडणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, १०८ ला फोन.

मनाचंही विचारलं. सलग दोन आठवडे कशातच जीव लागत नाही, सारखं रडू येतं, जगू नये असं वाटतं, असं असेल तर तो नुसता थकवा नसतो आणि त्याला वेगळी मदत लागते. धाकली म्हणाली रडू येतं पण झोप झाली की बरं वाटतं. दर भेटीला परत विचारत राहिले.

जिथं गाडी अडली

दोन आठवड्यांत फरक दिसायला लागला, दिवसा कुठंही डोळा लागणं थांबलं. मग अक्षय तृतीयेच्या लग्नसराईत मावसनणंदेचं लग्न आलं. एसटीने चार तास, मांडवात दोन रात्री, पंगती वाढणं, कारण तिथं कुणालाच माहीत नव्हतं. आली ती तापल्यासारखी, ताप नव्हता, पण पुढचे चार दिवस उठवत नव्हतं. मावशीला वाईट वाटलं, म्हणाली मीच न्यायला नको होतं. मी म्हटलं नेलं तर नेलं, पण सोबत एकीला तरी सांगायचं, जी पंगतीत तिच्या हातातलं भांडं घेईल. गुपित ठेवा, पण घराबाहेर गेलात तर तिथली एक बाई त्या गुपितात हवी.

दुसरी अडचण माझ्या नजरेतून सुटली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात थोरली बीपी तपासायला आली, पाय दुखतात म्हणत. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरी. एचबी केलं, ८.६.

मी सुन्न झाले. सोळा हंडे मी एका थकलेल्या बाईच्या डोक्यावरून काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवले होते, आणि ती एका शब्दानेही काही बोलली नव्हती. थोरलीची पिशवी, म्हणजे गर्भाशय, सव्विसाव्या वर्षीच काढलेली. बीड जिल्ह्यात हे नवीन नाही, २०१९ मधे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची माहिती घेतली तेव्हा पाहणीतल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. तिला पाळी नाही, मग रक्त कमी का, हे शोधायला मी तिला तालुक्याला पाठवलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग दोघा भावांना बोलावलं. धाकलीचा नवरा म्हणाला, "मॅडम, गडीमाणूस नळावर हंडे भरताना दिसला तर लोकं हसतील." मी म्हटलं दादा, पहाटे चारला अंधारात बघायला कोण येतंय? थोरला काहीच बोलला नाही. पण पुढच्या पाण्याला दोघंही उठले, एक खड्ड्यात आणि एक टिपाडापाशी, पाऊण तासात काम संपलं. बायकांना दीड तास लागायचा. आशाताई सांगते की आता त्या गल्लीत अजून दोन घरचे गडी पाण्याला उठायला लागलेत.

बारा आठवड्यांनंतर

उलट्या चालू असताना लोह दिलं तर मळमळ वाढते म्हणून डॉक्टरांनी बारा आठवडे होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. चौथा महिना लागल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडवाली सरकारी गोळी. एरवी रोज एक असते, एचबी कमी म्हणून तिला दोन, रात्री जेवणानंतर. कॅल्शियम वेगळ्या वेळेला, दोन्ही एकत्र घेतलं की लोह कमी लागतं. जंताची अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी दिली, तीही चौथा महिना लागल्यावरच. शी काळी झाली म्हणून धाकली घाबरून पळत आली होती, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर पोरी गोळ्या उकिरड्यात टाकतात. पोट साफ होईना तेव्हा पाणी वाढवलं, सकाळी भिजवलेल्या मनुका दिल्या, गोळी सोडू दिली नाही.

चौदाव्या आठवड्यात ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, परवा दुपारी झोपच आली नाही." वजन ४५. जूनच्या शेवटाला एचबी १०.७, या तिमाहीत १०.५ ची रेषा असते, म्हणजे त्या रेषेच्या वर आली, अजून वाढायला हवं.

हे सगळं माझ्या त्या घरी जाण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. बारा आठवडे उलटले की बऱ्याच जणींना आपोआप बरं वाटतं, तिलाही काही प्रमाणात वाटलंच असतं. पण आठव्या आठवड्यापासून तेराव्यापर्यंतचे ते पाच आठवडे तिने नळाच्या खड्ड्यापाशी चक्कर खात काढायचे की आत कुलरसमोर पडून काढायचे, एवढा फरक नक्की पडला. आता नवी नोंदणी आली की मी एचबीच्या आधी विचारते, पाणी किती वाजता येतं आणि भरतं कोण.

परवा गेले तेव्हा मृगाचा पाऊस होऊन गेलेला, पेरणी उरकलेली, धाकली ओट्यावर पाय पसरून बसलेली, पोटात फडफड व्हायलीय म्हणाली. मावशी आता गल्लीत उघड सांगते, पाचवा लागला म्हणून. पुढची तपासणी ९ जुलैला आहे, त्या दिवशी डॉक्टर असतात, आणि थोरलीलाही सोबत यायला सांगितलंय, तिचं एचबी परत करायचंय.